ऊन पाण्याची गावे : कोकणातील गरम झरे, त्यांभोवतीचे रान आणि पाण्यावरचा हक्क

बंगळुरूच्या लालबागेत केंपेगौडांच्या बुरुजाखाली जो मोठा उघडा खडक आहे, त्यावर एप्रिलमधल्या दुपारी अनवाणी उभे राहिले तर तळवे पोळतात. पण ती उष्णता सूर्याची, वरून आलेली. हा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. १९७५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केले. इतक्या जुन्या, घट्ट आणि थंडावलेल्या कवचातून जमिनीच्या पोटातली ऊब वर येणे कठीण. म्हणून बंगळुरूच्या विद्यार्थ्याला गरम पाण्याचा झरा पाहायचा असेल तर पश्चिमेला घाट उतरावा लागतो. दक्षिण कन्नड जिल्ह्यात पुत्तूरजवळ इर्दे येथे बेंद्र तीर्थ नावाचे एक कुंड आहे. तिथले पाणी कोमट म्हणावे इतपतच असते. 'बेंद्र' हा तुळू शब्दही ऊन पाण्यासाठीचाच. खरोखर चटका देणारे पाणी हवे असेल तर आणखी उत्तरेला, महाराष्ट्राच्या कोकणात जायला हवे.

पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरेपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्टीत अठराएक ठिकाणी असे झरे आहेत. यांची सहल करणारे पुष्कळ असतात. यांचा इतिहास म्हणून विचार करणारे कमी. कारण उघड आहे. झऱ्याला राजवंश नसतो, सनावळी नसते, आणि पाणी स्वतः काही लिहून ठेवत नाही. मग झऱ्याचा इतिहास लिहायचा कशावरून? या निबंधात आपण तीन-चार प्रकारची साधने वापरून पाहू. त्यातले पहिले साधन सर्वांत स्वस्त आहे : गावाचे नाव.

नावातली ऊब

संस्कृत 'उष्ण', प्राकृत 'उण्ह', मराठी 'ऊन'. आज आपण 'ऊन' म्हणजे सूर्यप्रकाश एवढाच अर्थ धरतो. पण 'ऊन ऊन भात' म्हणताना जुना अर्थ जिवंत असतो, आणि 'उन्हाळा' हा 'उष्णकाल' आहे. आता नकाशा घ्या. राजापूरजवळ उन्हाळे. सुधागड तालुक्यात पालीजवळ उन्हेरे. दापोली-खेड भागात उन्हवरे. या सर्व ठिकाणी गरम पाणी आहे. कोकणाबाहेर पाहिले तर जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव, आणि नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात पैनगंगेच्या परिसरात उनकेश्वर. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या माणसांनी, एकमेकांशी सल्लामसलत न करता, त्याच शब्दावरून गावाला नाव दिले.

यावरून काय सिद्ध होते? एवढेच की वस्तीच्या लोकांना पाणी आधी दिसले आणि देव नंतर. 'उन्हाळे' हे नाव कोणा ऋषीचे नाही, राजाचे नाही. ते शेतकऱ्याने आणि गुराख्याने ठेवलेले आहे. उनपदेव आणि उनकेश्वर या नावांत देव आला आहे, पण तोही पाण्याच्या मागून, शब्दाच्या शेवटी. इथे सावध राहायला हवे. नावात 'ऊन' नाही म्हणून झरा अलीकडचा, असे अनुमान काढता येत नाही. संगमेश्वर तालुक्यातली तुरळ, राजवाडी आणि आरवली ही गरम पाण्याचीच गावे आहेत. महाडजवळचे सव आहे, भिवंडी तालुक्यातली अकलोली आहे. नाव हा पुरावा मिळाला तर घ्यावा, मिळाला नाही तर त्याच्या अभावावरून निष्कर्ष काढू नये. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ही चूक इतकी दिसते की इथे मुद्दाम सांगितली.

पाणी गरम का?

अनेक ठिकाणचे फलक आणि पर्यटनाच्या पुस्तिका 'ज्वालामुखीमुळे' असे एका शब्दात उत्तर देतात. ते ढोबळ आणि दिशाभूल करणारे आहे. महाराष्ट्राचा काळा पाषाण लाव्ह्याचा आहे हे खरे, पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थंड झाला. आज कोकणाखाली धगधगणारा ज्वालामुखी नाही. घडते ते असे. सह्याद्रीवर आणि कोकणात पडलेले पावसाचे पाणी खडकांतल्या खोल भेगांतून खाली मुरते. जमिनीत खाली जावे तसे दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पृष्ठभागाचे २७ अंश धरले तर दोन किलोमीटर खाली ८० अंशांच्या आसपास. पश्चिम किनाऱ्याला समांतर असे मोठे भूभंग आहेत. त्यांच्या फटींतून हे तापलेले पाणी जोराने वर येते आणि वाटेत पुरते निवण्याआधी बाहेर पडते. उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास असते, तुरळचे साठीच्या वर. काही ठिकाणी गंधकाचा, म्हणजे नासक्या अंड्यासारखा, वास येतो. तो विरघळलेल्या वायूचा.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातली एक गोष्ट लक्षात ठेवायची आहे. हे पाणी पावसाचेच आहे. डोंगरावर पाऊस मुरला नाही तर खाली झरा नाही. म्हणजे झरा आणि त्याच्या मागचे रान या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

थांबलेला राजा

महाराष्ट्रात शिरण्याआधी थोडे बिहारला जाऊन यावे, कारण गरम झऱ्यावरच्या गर्दीची भारतातली सर्वांत जुनी नोंद तिथली आहे. राजगीर, म्हणजे प्राचीन राजगृह, डोंगरांनी वेढलेले. तिथल्या ऊन पाण्याच्या झऱ्याला पाली ग्रंथांत 'तपोदा' म्हटले आहे. विनयपिटकात एक प्रसंग येतो. मगधाचा राजा बिंबिसार डोके धुण्यासाठी तपोदेवर गेला. तिथे भिक्षू अंघोळ करत होते. त्यांचे होईपर्यंत थांबावे म्हणून राजा बाजूला उभा राहिला. भिक्षूंची अंघोळ काळोख पडेपर्यंत चालली. राजाची अंघोळ झाली तोवर नगराचे दरवाजे बंद झाले होते, आणि त्याला रात्र बाहेर काढावी लागली. ही गोष्ट बुद्धांच्या कानी गेली, त्यांनी भिक्षूंची कानउघाडणी केली आणि नियम घातला : पंधरवड्यातून एकदाच अंघोळ. मग एकेक अडचण पुढे येत गेली आणि अपवाद वाढत गेले : उन्हाळा, आजार, अंगमेहनतीचे काम, प्रवास, वारा-पाऊस.

प्रसंग घडला तसाच असेल की नाही, हा वेगळा प्रश्न. विनयाचे नियम बऱ्याचदा एखाद्या गोष्टीच्या दोरीला टांगून सांगितले जातात. पण गोष्ट रचणाऱ्याला काय स्वाभाविक वाटले ते पाहा. झरा सार्वजनिक आहे. भिक्षू आधी आले म्हणून राजाने थांबणे शक्य आहे. आणि फार वेळ पाणी अडवून बसणे हा दोष आहे, मग अडवणारा कितीही पूज्य असो. पुढच्या दोन हजार वर्षांत या तिन्ही गोष्टी गृहीत धरता येईनाशा झाल्या. राजगीरलाच आज ब्रह्मकुंडापासून काही अंतरावर मखदूम कुंड आहे. ते सूफी संत मखदूम शरफुद्दीन याह्या मनेरी यांच्या नावाने ओळखले जाते. एकाच डोंगरातली ऊब, पण कुंडे आणि माणसे वेगवेगळी.

शरभंग ऋषीचे दुखणे

आता उनपदेव आणि उनकेश्वर यांच्याकडे परत येऊ. एक सातपुड्याच्या रानात, दुसरे पैनगंगेच्या जंगलपट्टीत. दोन्हीकडे सांगितली जाणारी कथा मात्र एकच आहे. शरभंग ऋषींना त्वचेचा रोग जडला होता. वनवासात असलेल्या रामाने जमिनीत बाण मारला, गरम पाण्याची धार उसळली, त्या पाण्याने ऋषी बरे झाले.

वाल्मीकींच्या रामायणात अरण्यकांडात शरभंग आहेत. पण तिथे रोग नाही, बाण नाही, पाणीही नाही. तिथे वृद्ध शरभंग रामाचे दर्शन होईपर्यंत देह राखून ठेवतात आणि नंतर स्वतः अग्नीत प्रवेश करतात. मूळ कथेतली आग लोककथेत जमिनीखाली गेली आणि पाणी होऊन वर आली, असे मला वाटते. हे माझे वाचन आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण बदल कुठल्या दिशेने झाला ते पाहण्यासारखे आहे. स्वेच्छेने देह सोडणारा तपस्वी जाऊन त्याच्या जागी कातडीच्या रोगाने पिडलेला माणूस आला.

का आला असेल? ऊन आणि गंधकाच्या पाण्याने त्वचेच्या काही तक्रारींना उतार पडतो, हा अनुभव जगभर आहे. ज्यांच्या अंगावर चट्टे आहेत अशा माणसांना गावाच्या विहिरीवर, पंगतीत, पारावर जागा मिळत नसे. रानातल्या झऱ्यावर मात्र ती मिळे, कारण तिथे पहिला रोगी एक ऋषी होता. कथेने आजारी माणसाला पाण्याचा हक्क दिला, आणि तो देताना रामाची साक्ष काढली. उनकेश्वराला यादवकालीन शिलालेख असलेले जुने मंदिर आहे, उनपदेवला दगडी गोमुखातून ऊन पाण्याची धार अखंड पडते. यात्रेकरू मंदिर पाहतात आणि शिलालेखासमोरून पुढे जातात. विद्यार्थ्यांनी कथेसमोरूनही तसे पुढे जाऊ नये.

वज्रेश्वरी : नवस आणि तट

कोकणातल्या झऱ्यांपैकी ज्याच्याभोवती कागदोपत्री इतिहास सर्वांत दाट आहे ते ठिकाण म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यातली वज्रेश्वरी. तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या गावांत कितीतरी कुंडे आहेत. काही दगडांनी बांधलेली, काही थेट नदीच्या पात्रात. सूर्यकुंड, चंद्रकुंड, अग्निकुंड, रामकुंड अशी नावे कानावर पडतात. इथे शरभंग नाही. इथली कथा अशी की देवीने राक्षस मारले आणि हे ऊन पाणी म्हणजे त्यांचे रक्त. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा कुंडात पाय सोडून बसलो होतो, आणि क्षणभर पाय वर घेतले हे कबूल करतो.

सोळाव्या शतकात वसई पोर्तुगीजांकडे गेली : १५३४ मध्ये. पुढची दोनशे वर्षे वसईचा प्रांत त्यांच्या ताब्यात होता. स्थानिक परंपरा सांगते की देवीचे मूळ स्थान गुंज या गावी होते आणि पोर्तुगीज अमदानीत तिथून ते हलवावे लागले. १७३७ मध्ये मराठ्यांनी उत्तर कोकणची मोहीम सुरू केली. ठाणे आणि साष्टी लवकर हाती आली, पण वसईचा किल्ला पडेना. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पांनी वेढा आवळला. भिंतींखाली सुरुंग पेरले जात होते, काही उडत होते, काही आपल्याच माणसांवर उलटत होते. मे महिन्यात किल्ला पडला. 'किल्ला मिळाला तर देवीचे देऊळ बांधीन' असा नवस चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केला होता, असे परंपरा सांगते. तो फेडण्यासाठी वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांनी आजचे मंदिर उभे केले.

नवसाच्या कथेकडे इतिहासकाराने दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहायचे असते. विजयानंतर सांगितलेला नवस बहुधा फळतोच, कारण न फळलेले नवस कोणी सांगत नाही. पण मंदिराची इमारत स्वतंत्रपणे बोलते. वज्रेश्वरीचे देऊळ उंचवट्यावर आहे, बावन्न दगडी पायऱ्या चढून जावे लागते, भोवती तटबंदी आहे, आणि प्रवेशाला नगारखाना. देऊळ बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर किल्ला होता. वसईच्या विजयाची दुसरी खूण महाराष्ट्रभर विखुरलेली आहे : तिथल्या चर्चमधून आणलेल्या घंटा. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात त्या आजही टांगलेल्या आहेत. घंटा उचलून नेता येतात, झरा नेता येत नाही. नव्या सत्तेने झऱ्याशेजारी देऊळ बांधले आणि प्रदेशावर आपली मोहर उमटवली. पुढे बडोद्याच्या गायकवाडांनीही इथे बांधकामाला हातभार लावला. चैत्र अमावास्येला यात्रा भरते ती आजतागायत.

मात्र देवळाच्या इतिहासात हरवू नये असा एक प्रश्न आहे. १७३९ च्या आधी या कुंडांत कोण अंघोळ करत होते? तानसेच्या खोऱ्यात वारली, कातकरी, मल्हार कोळी यांची वस्ती जुनी आहे. साग, ऐन, खैर, हेद, कळंब, मोह यांचे रान त्यांच्या रोजच्या जगण्याचे. मोहिमा, नवस आणि सुभेदार यांच्या कागदांत ही माणसे येतात ती फार तर वेठीला धरलेली म्हणून. पण गरम पाणी कुठे आहे हे रानातल्या माणसाला माहीत नव्हते आणि पुण्याहून आलेल्या सरदाराला सापडले, असे मानायला मन धजत नाही.

१८८२ सालचे तीन कागद

यानंतरचा मोठा टप्पा इंग्रजी अमलाचा, आणि त्यातले १८८२ हे साल फार सोयीचे आहे. त्या एका वर्षात तीन वेगवेगळ्या टेबलांवर तीन दस्तऐवज तयार झाले.

पहिला भूवैज्ञानिकांचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले अधीक्षक टॉमस ओल्डहॅम यांनी भारतातल्या गरम झऱ्यांची यादी जमवली होती. ते १८७८ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव आर. डी. ओल्डहॅम यांनी ती सिद्ध करून १८८२ मध्ये खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. सुमारे तीनशे झरे त्यात आहेत. यादीत झरा म्हणजे स्थान, तापमान, वास. दुसरा कागद ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखालील मुंबई इलाख्याच्या मालिकेतला हा तेरावा खंड. वज्रेश्वरी त्यात 'वज्राबाई' म्हणून येते : देऊळ, यात्रा, कुंडे, येणारे-जाणारे. एकाच जागेची ही दोन चित्रे शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यात माणूस नाही. दुसऱ्यात आहे, पण तो महसूल अधिकाऱ्याला दिसला तसा.

तिसरा कागद या दोघांइतका रंजक नाही, पण परिणाम त्याचाच सर्वांत दूरवर गेला : भारतीय सुविधाधिकार अधिनियम. त्यात असे तत्त्व आले की निश्चित प्रवाहाने न वाहणारे जे पाणी जमिनीच्या पोटात आहे, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क त्या जमिनीच्या मालकाला. मुंबई इलाख्याला हा कायदा १८९१ मध्ये लागू झाला. गरम झरा म्हणजे भूगर्भातलेच पाणी. ज्याच्या सातबाऱ्यावर जमीन, त्याच्या हाती बोअर. शेजारच्या जमिनीत कोणी खोल विंधनविहीर घेऊन ऊन पाणी पंपाने खेचू लागला, तर गावाच्या कुंडाची पातळी उतरली तरी कायद्याच्या जुन्या तत्त्वात तक्रारीला फारशी जागा राहत नाही. जपानने १९४८ मध्ये गरम झऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि नवा झरा खोदायला परवानगी सक्तीची केली. आपल्याकडे झऱ्याला देव आहे, यात्रा आहे, पण असा वेगळा कायदा नाही.

जमिनीच्या वरचे काय? १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव जंगले आखली गेली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून मोठा असंतोष माजला. भाताच्या रोपांसाठी शेतकरी 'राब' करत. झाडांच्या डहाळ्या आणि पाला शेतात पसरून जाळायचा आणि त्या राखेत बी पेरायचे. डहाळ्या तोडायची बंदी म्हणजे भातावरच घाला. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. सरकार म्हणे राबामुळे रान मरते, शेतकरी म्हणत राबाशिवाय आम्ही मरतो. पाठ्यपुस्तकात या वादाला दोन ओळी मिळतात. भात लावणाऱ्याच्या घरात तो तीन पिढ्या चालला.

१८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले आणि त्याच खोऱ्याचे थंड पाणी नळांतून मुंबईला जाऊ लागले. धरणाच्या पाणलोटातले जंगल शहराच्या पाण्यासाठी जपले गेले, १९७० मध्ये तानसा अभयारण्य झाले. धरणाखाली वज्रेश्वरीकडे याल तसे रान विरळ होत जाते, विश्रामगृहे आणि बंगले दाट होत जातात. शहराला ज्या पाण्याची गरज होती त्या पाण्याचे रान टिकले. ऊन पाणी शहराच्या नळाला नको होते.

सव आणि चवदार

महाडजवळ, सावित्री नदीच्या काठी, सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो सत्याग्रही चवदार तळ्यावर पाणी प्यायले. तळे थंड पाण्याचे. मग या निबंधात ते का? कारण पाणवठ्यावरचा हक्क कोर्टात कसा सिद्ध होतो, हे चवदारच्या खटल्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

१९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सारे झाले होते. सत्याग्रहानंतर सवर्णांपैकी काहींनी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की तळे खासगी आहे, आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे. दहा वर्षे प्रकरण चालले. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला : अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही.

निकालाचे शब्द बारकाईने पाहा. न्यायालयाने 'अस्पृश्यता अन्याय्य आहे' म्हणून सत्याग्रहींच्या बाजूने कौल दिला नाही. 'ही प्रथा फार जुनी आहे' या विधानाला पुरावा मागितला, आणि तो मिळाला नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठा धडा कुठल्या तळ्याकाठी मिळेल? आता हाच निकष गरम कुंडांना लावून पाहा. देवळाच्या आवारातले कुंड सार्वजनिक पाणवठा की देवस्थानची मालमत्ता? एका कुंडात बायका, दुसऱ्यात पुरुष, ही सोय कधीची? कडेच्या कुंडात कपडे धुतले जातात आणि मधल्यात फक्त 'अंघोळ करणारे' उतरतात, ही विभागणी कोणी केली? विचारले की उत्तर ठरलेले असते : पूर्वीपासून असेच आहे. ब्रूमफील्ड साहेबांनी त्याच उत्तरावर पुरावा मागितला होता.

बंगलोरवाला

गणेशपुरीच्या भीमेश्वर मंदिराजवळची कुंडे आज सर्वांत जास्त गजबजलेली असतात. १९३६ च्या सुमारास स्वामी नित्यानंद इथे येऊन राहिले. त्याआधीचा त्यांचा बराच काळ केरळच्या उत्तर भागात आणि मंगळूरच्या परिसरात, कान्हनगडच्या आसपास गेला होता. तेव्हा गणेशपुरी म्हणजे रानातली तुरळक वस्ती. भक्त वाढले तसे रस्ते, धर्मशाळा, दुकाने आली, आणि कुंडांची डागडुजी झाली. भक्तांत मुंबईचे गुजराती आणि मराठी होते, तसे मोठ्या संख्येने दक्षिण कन्नडचे लोक. मुंबईत उपाहारगृहे चालवणाऱ्या उडुपी-मंगळूरच्या मंडळींना रविवारी गणेशपुरीला जाऊन ऊन पाण्यात अंघोळ करणे परिचयाचे होते. ८ ऑगस्ट १९६१ रोजी नित्यानंदांनी देह ठेवला. त्यांचे अखेरचे दिवस ज्या इमारतीत गेले तिला 'बंगलोरवाला' म्हणतात.

स्थलनामांपासून सुरू केलेल्या चर्चेत हे नावही नोंदवून ठेवावे. रानातल्या झऱ्याला पहिली नावे तिथल्या माणसांनी पाण्यावरून दिली, मग देवावरून, मग विजयावरून, आणि विसाव्या शतकात दूरच्या शहरातून आलेल्या माणसांच्या गावावरून. आज वज्रेश्वरी रस्त्यावरच्या फलकांवर 'स्पा', 'रिसॉर्ट', 'हॉट वॉटर पूल' दिसतात.

जाणार असाल तर

पावसाळा सरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात जावे. नदीचा पूर ओसरलेला असतो आणि पहाटे कुंडांवरची वाफ दिसते. पाण्यात उतरण्याआधी हाताने चटका पाहावा. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी सत्तर अंशांच्या झऱ्याच्या फार जवळ जाऊ नये, आणि कुठल्याही कुंडात पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. साबण लावू नये. इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या रोमन स्नानगृहात शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले शंभराहून अधिक शाप सापडले आहेत, आणि त्यातले पुष्कळसे अंघोळ करताना कपडे चोरणाऱ्यांना उद्देशून आहेत. तेव्हा कपड्यांवर नजर ठेवावी.

अंघोळ झाली की वहीत पुढील गोष्टी टिपून आणाव्यात : जमीन कोणाच्या नावावर आहे, कुंडाची झाडलोट कोण करते आणि त्याला पैसे कोण देते, आसपास किती विंधनविहिरी आहेत, आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला लहानपणी कुठल्या कुंडात उतरू देत असत. शेवटचा प्रश्न विचारताना घाई करू नये. पहिले उत्तर बहुधा 'आमच्याकडे तसले काही नव्हते' असे येते. चहा होईपर्यंत बसले की दुसरे येते.